लाभ, एक, दोन

मित्रांनो, किन्हवलीला सावळीआजीच्या ओटीवर टेबलाशी जी काळी लोखंडी पायली दिसते, तोंडात बॉलपेनं कोंबलेली, ती मी. जुनी आहे, पण गळकी नाय. माझ्यात चार शेर भात मावतं. काठावर रास चढवून शीग धरली तर वर आणखी एखादी गोष्टही मावते.

शहापूरच्या लोहारानं मला ठोकलं, तेव्हा तो आवाज पार मुरबाडला ऐकू गेला म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणते.

पुढं पस्तीस वर्षं खळ्यावर माझंच राज्य. एका साली भात एवढं पिकलं, की मोजता मोजता मला घाम फुटला आणि त्या घामात कोंबडीनं आंघोळ केली. खोटं वाटलं तर कोंबडीला विचारा. आता ती नाय, पण असती तर हो म्हणाली असती.

आमच्या घरची मोजायची एक रीत होती. पहिलं माप भरलं की ‘लाभ’ म्हणायचं आणि ते देवाच्या नावानं वेगळ्या टोपलीत ओतायचं. दुसऱ्यांच्या घरी लाभानंतर दोन म्हणतात. आमच्याकडं लाभ तो देवाचा, आपली मोजणी त्याच्यापुढून. आजीची नात मनस्वी आकडे शिकली ती माझ्याच काठाला धरून. लाभ, एक, दोन, तीन.

मग घरात वजनकाटा आला आणि मला कुणी विचारेना. दोन वर्षं माझ्यात कपड्यांचे चिमटे होते. पायलीच्या जन्माला येऊन चिमटे, मित्रांनो. शेवटी मनस्वीनंच मला राखेनं घासलं आणि पेनं ठेवायला टेबलावर घेतलं.

मनस्वी शहापूरला कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकते. पोरगी तल्लख. सूत्रं अशी पाठ, की मलासुद्धा झाली. तरी गेल्या परीक्षेत तिचा पेपर दोन मार्कांनी राहिला. आता चार दिवसांवर तोच पेपर पुन्हा होता. ह्या वेळी निघाला नाय, तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाय.

त्या दुपारी आजी ओटीवर चिंचा फोडत बसली होती. मनस्वीनं खाडकन पुस्तक मिटलं.

“आजे, पुस्तकच चुकलंय.”

“छापलेलं चुकलं? आणि तू बरोबर?”

“तीनदा केलं गो. भाताची रोपं दिलीत. लोंब्या बारा, पंधरा, तेरा, चौदा, सोळा. बेरीज सत्तर. सरासरी साडेसतरा येते. हे चौदा सांगतात.”

आजीचा कोयता थांबला. “सरासरी म्हंजे?”

“म्हणजे सगळ्यांना सारखं वाटलं तर एकेकाला किती.”

“म्हंजे शीग मोडून सपाट करायचं. मग मला सांग, सगळ्यात उंच शीग सोळाची. सपाट केल्यावर ती साडेसतरा कशी झाली? रातीत पीक आला काय?”

मनस्वीनं वहीतले आकडे पुन्हा बघितले. तीस-तीस आकड्यांच्या गणितात तिचं उत्तर जरासंच जास्त यायचं, ते कधी डोळ्यांत भरलंच नव्हतं.

आजीनं चिंचोके ओढले आणि पाच ढीग केले. सोळातले दोन उचलून बारात टाकले, पंधरातला एक तेरात. “आता मोज एकेक.” सगळे चौदा-चौदा.

“पुस्तक शहाणं आहे,” आजी म्हणाली. “आता ढीग मोज. मोठ्यानं.”

मनस्वीनं बोट ठेवलं. “लाभ, एक, दोन, तीन, चार.”

मित्रांनो, मला हात असते तर मी कपाळाला लावले असते. पोरगी कॉलेजात जाऊनसुद्धा पहिला आकडा देवाला देत होती! पाचाऐवजी चारांनी भागत होती, तिसांऐवजी एकोणतिसांनी. आणि हे शिकवलं कुणी? मी.

“आजे,” मनस्वी हळूच म्हणाली, “माझे दोन मार्क देवानं नेले.”

“देवाला नको नाव ठेवू. चूक आमची. देवाला दिला म्हनून तो काय आपल्या शेतात पिकला नव्हता? बाजूला ठेवायचा, पन मोजायचा. आजपासून लाभ, दोन, तीन.”

पुढचे तीन दिवस आजीनं तिला चिंचोके, कोंबड्या, पत्र्याच्या पन्हळी, जे दिसेल ते मोजायला लावलं. शेजारची कुणाली कुंपणावरून म्हणाली, “मनू, येडी झालीस का गो?” मनस्वी म्हणाली, “लाभ.” म्हणजे येड्यांत पहिली तू.

परीक्षेला जाताना तिनं माझ्यातलं निळं पेन उचललं आणि माझ्या काठावर टिचकी मारली. मी ठण्णकन वाजले. चुकायची नाय ती, मला माहीत होतं.

महिन्यानं निकाल लागला. पेपर निघाला, तोही शीग लावून. तिसऱ्या वर्षाचा फॉर्म आता माझ्यातल्याच पेनानं भरलाय. शाई संपली होती, पण मी खालून जोर लावला.

तर मित्रांनो, तुमच्या माळ्यावर एखादं जुनं माप पडलं असेल, तर खाली उतरवा, घासा, त्याच्यात काहीतरी ठेवा. चिमटे सोडून. आणि घरात किती जण आहेत असं कुणी विचारलं, तर त्या मापालाही धरा. बाजूला ठेवलेल्याला मोजलं नाय, की सगळं गणित चुकतं.