चोपन्न किलो

फेब्रुवारीत मी तनुजाचं वजन केलं होतं. चोपन्न किलो. चाचणीच्या तक्त्यात ‘चालकाचे वजन’ असा रकाना होता. त्यात ते भरलं आणि पुढच्या प्रत्येक चाचणीला वरच्या ओळीतला आकडा खाली ओढत गेले. एकतीस ओळींत एकतीस वेळा चोपन्न. एम.एस्सी.ला असताना दुसऱ्याच्या प्रयोगवहीत असं दिसलं असतं तर मी हसले असते.

आमचं युनिट चिकलठाणा एमआयडीसीत आहे. आम्ही बॅटरीवर चालणारे स्केटबोर्ड बनवतो. एक फळी, चार चाकं, खाली मोटर आणि बॅटरी, हातात रिमोट. उभं राहायचं आणि जायचं. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, एका चार्जिंगमध्ये किती जाईल? ते मोजणं माझं काम, आणि बॅटरी संपेपर्यंत बोर्डवर उभं राहून फिरणं तनुजाचं. ती कन्नड तालुक्यातली, बावीस वर्षांची, कॉलेजात असताना राज्य पातळीवर धावलेली. चाकाखाली खडी आली तरी ती गुडघ्यातून अंग सोडायची आणि वर खांदे हलायचे नाहीत.

चाचणी शेंद्र्यापलीकडे व्हायची. तिथे नव्या औद्योगिक वसाहतीसाठी सिमेंटचे रुंद रस्ते, दिवे, दुभाजक सगळं तयार होतं, फक्त कारखाने यायचे होते. रस्त्याच्या कडेला मोसंबीच्या वाळलेल्या बागा, काही तोडून सरपणासाठी रचलेल्या. चार किलोमीटरचा एक फेरा, वेग ताशी अठरा.

फेब्रुवारीत आमचे आकडे अठरा पूर्णांक सहा किलोमीटरच्या आसपास येत होते. माल घेणाऱ्या पुण्याच्या कंपनीला खोक्यावर ‘वीस किलोमीटर’ छापायचं होतं. आमचा मालक अमेय माझ्याहून चारच वर्षांनी मोठा, आम्ही त्याला नावानंच हाक मारतो. त्यानं सगळ्यांसमोर तनुजाला सांगितलं, “वीस आणून दे, पर्मनंटचं पत्र हातात ठेवतो.”

त्याच्या दृष्टीनं तो सहज टाकलेला शब्द होता. तनुजासाठी नव्हता. एकदा टेम्पोतून परत येताना तिनं मला सांगितलं होतं, “बाबांनी जूनपर्यंत टाइम दिला हाय. पक्की झाले तर ऱ्हा म्हणतेत, नाय तर घरी ये. सिल्लोडचं एक स्थळ दोनदा येऊन गेलं.”

“मुलगा कसा आहे?”

“मला काय माहीत. त्यानं माझी उंची विचारली, मी त्याचं काही विचारायच्या आत चहा आला.”

आम्ही दोघी हसलो. मग ती म्हणाली, “ताई, बोर्डवरच्या माणसाच्या वजनानं किती फरक पडतो?”

असा प्रश्न मला कोणी विचारत नाही. मी एका कागदाच्या पाठीमागे मांडून दाखवलं. हवेचा विरोध वजनावर अवलंबून नसतो, चाकाचं घर्षण असतं; त्यामुळे आपल्या बोर्डावर एक किलो कमी म्हणजे साधारण दोनशे मीटर जास्त. तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. पोरीला विज्ञानात रस आहे, असं मला वाटलं.

मार्चपासून तिचे उपास वाढले. आधी सोमवार होता, मग गुरुवार आला. चतुर्थी, एकादशी होत्याच. चैत्रात तिनं कसलासा नवस धरला. आमचा स्टोअरकीपर बद्रीनाथ डबा उघडताना म्हणायचा, “तनुजाचे देव लई झाले राव. आठवडा पुरंना त्यांना.” ती म्हणायची, “तुमच्या वाटचं बी मीच करते, भाऊ. तुम्ही खावा.” अमेयनं तर तिच्यासाठी एकदा शहागंजातून राजगिऱ्याचे लाडू आणवले. ते तिनं आम्हालाच वाटले. उपासाला आपल्याकडे कोणी कारण विचारत नाही. उपासाचं नाव न घेता एखादी मुलगी तीन महिने जेवत नसती तर आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं असतं.

पाण्याचंही तसंच झालं. त्या वर्षी नळाला नवव्या-दहाव्या दिवशी पाणी यायचं. युनिटमध्ये टँकर पडायचा, तोही बायकांच्या संडासापर्यंत पोचायचा नाही. दुपारनंतर तिथली बादली कोरडी असायची. म्हणून आम्ही तिथल्या सगळ्याच बायका पाणी कमी प्यायचो. मीसुद्धा अर्ध्या बाटलीवर दिवस काढायचे. तनुजा पीत नाही हे कुणाच्या डोळ्यावरच आलं नाही.

आकडे मात्र चढत होते. मार्चअखेर एकोणीस पूर्णांक एक. एप्रिलमध्ये एकोणीस पाच. मेच्या पहिल्या आठवड्यात एकोणीस नऊ. अमेयनं कंट्रोलरचं सॉफ्टवेअर बदललं होतं. तो म्हणाला, “बघ, माझा कोड.”

मला पटेना. आधी वाटलं, ऊन. गरम बॅटरी थोडी जास्त ऊर्जा देते. पण नोंदी काढल्या तर बॅटरीतून बाहेर पडलेली एकूण ऊर्जा फेब्रुवारीत होती तेवढीच होती. कमी झाला होता तो दर किलोमीटरचा खर्च. म्हणजे बॅटरी सुधारली नव्हती, काहीतरी जास्त हलकं फिरत होतं. मी बेअरिंगं उघडली, ती जुनीच होती. चाकांचा व्यास मोजला, हवेचा वेग तपासला. दोन दिवस गेले. मग तक्त्यात एकच रकाना राहिला, जो मी मोजला नव्हता, नुसता ओढला होता.

मंगळवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तनुजाला पार्सलच्या काट्यावर उभं केलं. सेहेचाळीस किलो नऊशे ग्रॅम.

सात किलो शंभर ग्रॅम, गुणिले दोनशे मीटर. अमेयच्या सॉफ्टवेअरसाठी काहीच उरत नव्हतं.

“किती दिवस नीट जेवली नाहीस?”

“जेवते की. एक टाइम.”

“आणि पाणी?”

“चाचणीच्या आदल्या दुपारपासून नाय. दीड किलो तर त्यानंच उतरतं, ताई.” जणू मला उपयोगी पडेल अशी माहिती देत असल्यासारखं तिनं ते सांगितलं.

“तनुजा, हे कोणी सांगितलं तुला करायला?”

“कुणी नाय. किलोमागं दोनशे मीटर, तेवढं तुम्ही सांगितलं. पुढचं मला कळतं की.”

मी म्हणाले, मी आत्ता अमेयला फोन करते. तिनं माझा हात धरला नाही, की डोळ्यांत पाणी आणलं नाही. ती काट्यावरून उतरून चप्पल घालत म्हणाली, “शनिवारी पुण्याचा माणूस येणार हाय. त्याच्यासमोर वीस झाले की मला पत्र. चार दिवस गप बसा. रविवारपासून तुम्ही ताटात वाढाल ते खाते. आत्ता सांगितलं तर हे सात किलो वाया गेले का नाय माझे?”

मी फोन परत पर्समध्ये ठेवला. मी अट घातली की शनिवारी निघण्याआधी एक बाटली मीठ-साखरेचं पाणी प्यायचं आणि तिसऱ्या फेऱ्यानंतर दुसरी. ती लगेच हो म्हणाली. घरी जाताना मी स्वतःला सांगितलं की चार दिवसांनी शरीरात काही मोठा फरक पडत नाही. या विधानाला माझ्याकडे कसलाही आधार नव्हता.

शनिवारी सकाळी सहा वाजता तापमान एकतीस होतं. पुण्याचे पाहुणे पंचाऐंशी किलोचे तरी असतील, टोपी घालून गाडीला टेकून उभे होते. तनुजानं माझ्या हातून बाटली घेतली आणि पाठ फिरवून तोंडाला लावली. परत दिली तेव्हा मी बाटली सरळ पिशवीत टाकली. त्यातली पातळी बघायला हवी होती. मी पातळ्या बघणारीच बाई आहे. त्या दिवशी मला ती बघायची नव्हती.

सहा वाजून दहा मिनिटांनी ती निघाली. तिसरा फेरा संपताना मी दुसरी बाटली पुढे धरली. तिनं नुसती बोटं हलवली आणि गेली. मी रस्त्यात आडवी उभी राहू शकले असते. मी लिहिलं, बारा पूर्णांक शून्य.

पाचव्या फेऱ्यात ती समोरून सरळ येत होती. आधी तिचे खांदे हलले. मग ती बसली, ठरवून बसल्यासारखी, आणि कुशीवर पडली. बोर्ड थोडा पुढे जाऊन दुभाजकाला टेकला. पाहुणे म्हणाले, “दमली वाटतं.”

मी धावले. तिचं अंग तापलेलं आणि कोरडं होतं, घामाचा थेंब नाही. “किती झालं?” तिनं विचारलं. मी सांगितलं नाही. पाहुण्यांनीच गाडी जवळ घेतली, आम्ही तिला मागच्या सीटवर आडवं केलं. तोवर अमेयनं बोर्ड उचलून रिमोटवर पाहिलं. “नऊ टक्के शिल्लक आहे,” तो म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही. त्याला मी काय बोलणार? माझ्या वहीत अठरा पूर्णांक तीनच्या पुढे वेळ लिहिलेली आहे, सात अकरा. ती मी धावायच्या आधी लिहिली होती.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली आहेत. दोनदा डायलिसिस करावं लागलं. मग थोडं काम सुरू झालं, पूर्ण होईल की नाही ते सांगता येणार नव्हतं. तीन महिने दर आठवड्याला रक्त तपासायचं, पाणी मोजून प्यायचं, उन्हात जायचं नाही. “हे किती दिवस चाललं होतं?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “अकरा आठवडे.” त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. इतकं नेमकं उत्तर त्यांना अपेक्षित नसावं.

त्या आठवड्यात मी अहवाल लिहिला. खरी वजनं अंदाजानं भरून मार्चपासूनच्या सगळ्या ओळी दुरुस्त केल्या. पंचाहत्तर किलोच्या माणसाला हा बोर्ड सपाट रस्त्यावर पंधराच किलोमीटर नेईल, शहरातल्या खणलेल्या रस्त्यांवर त्याहून कमी, हे स्पष्ट मांडलं. अमेयला आणि पुण्याला पाठवला. तीन दिवस कोणी काही बोललं नाही. चौथ्या दिवशी तनुजाच्या पत्राचं विचारायला मी अमेयच्या केबिनमध्ये गेले.

“तुझा अहवाल छान आहे,” तो म्हणाला. “वजनाचा मुद्दा आपल्या कोणाच्या डोक्यातच नव्हता.” मग त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. चाचणी चालक पाहिजे, मुलगी चालेल, वजन पंचेचाळीस किलोच्या आत.

“अमेय, मी हे याच्यासाठी लिहिलं नव्हतं.”

“मला माहीत आहे. पण खोटं काय आहे यात? कुणाला उपाशी ठेवायला नको, जन्मतः बारीक मुली असतात. एक मिळालीसुद्धा, त्रेचाळीस किलोची. ‘आदर्श परिस्थितीत’ असं बारीक अक्षरात टाकू.”

“आणि तनुजाचं पत्र?”

तो खरोखर अवघडला. “ती बोर्डवर उभी राहू शकणार नाही, मनस्विनी. पत्र कशाचं देऊ? दवाखान्याचं मी बघितलं ना सगळं.”

दवाखान्यात गेले तेव्हा तनुजा उशीला टेकून बसली होती. तिचे वडील, फकिराकाका, खाली औषधं आणायला गेले होते. तिनं माझा चेहरा बघितला आणि पत्राचं विचारलंच नाही. ती म्हणाली, “बाबांना सांगा, पक्की झाले म्हणून. तुमचं ऐकतील ते. इथं ऱ्हायले तर रक्त तरी तपासता येईल.”

काका आले, औषधांची पिशवी खिडकीत ठेवली. मी आयुष्यात पहिल्यांदा ठरवून खोटं बोलले. “काका, तनुजा पर्मनंट झाली.”

त्यांचा चेहरा उजळला. “व्हय? मंग ठीक झालं. ऱ्हा म्हणावं इथंच. कागद कुठं हाय?”

“येईल. दोन-चार दिवसांत.”

ते माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता त्यात. “ताई, तुम्ही आल्यापासून बघतोय मी. नर्सबाईनं ताप सांगितला तरी तुम्ही वहीत लिहिता. कागद असता तर तुम्ही आधी तोच काढला असता.”

मी वही पिशवीत टाकली.

“कागद असला तर ठेवतो की तिला. मी काय वैरी हाय का? पण घरी मी चार लोकांना काय दाखवू, बाटलीतलं औषध?”

मी दर आठवड्याच्या तपासणीचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, गावात टँकर कितव्या दिवशी येतो ते विचारलं. “येतो कवा तरी,” ते म्हणाले. “कन्नडला बी दवाखाना हाय.” मी पुढच्या तारखा लिहून दिल्या. त्यांनी कागद नीट घडी करून टोपीत ठेवला.

सोमवारी दुपारी त्यांना मध्यवर्ती बसस्थानकावर सोडलं. काका सामान वर ठेवत होते. तनुजा खिडकीशी बसली होती, ओढणी डोक्यावरून घेतलेली. उन्हानं डोळे बारीक करून तिनं विचारलं, “दुसरी पोरगी घेतली का, ताई?”

“घेतली.”

“किती किलोची?”

“त्रेचाळीस.”

तिनं मनात काहीतरी हिशेब केला. ओठ हललेले मला दिसले.

“मंग आणंल ती वीस,” ती म्हणाली, आणि कंडक्टरनं दार लावून घेतलं.