पायलीभर मैत्री

सकुबाईंनी सगळा डोंगरपट्टा जिंकला तेव्हा त्यांच्या मांडीवर लसूण सोलायचं सूप होतं.

रेश्मा चुलीवर दूध ठेवून ओटीवर आली आणि टॅबकडे नुसती बघत राहिली. आजेसासूबाईंना तिनेच खेळायला बसवलं होतं. "तुझ्या आजीला जमलं तर कोणालाही जमेल," असं विपुल म्हणाला होता. विपुल म्हणजे तिच्या टीमचा प्रमुख. त्याची स्वतःची आजी कधीच गेली होती, त्यामुळे दुसऱ्यांच्या आज्यांबद्दल तो मोकळेपणाने बोलायचा.

खेळ जुन्या काळच्या कोकणातला. एक गाव वसवायचं, ते वाढवायचं, शेजाऱ्यांशी जमवून घ्यायचं नाहीतर लढायचं. लढायांचा भाग दुसरे कोणी लिहीत होते. गाव कसं वसतं, त्याची हद्द कशी पुढे सरकते, कोणती जमीन कोणाची ठरते, ते नियम बसवायचं काम रेश्माचं. कंपनी ठाण्याला आणि रेश्मा शेणवे गावाजवळ, सासरच्या ओटीवर. हे काम तिला कोणी शिकवलं नव्हतं. शहापूरला झेरॉक्सच्या दुकानात बसून टायपिंग करता करता ती व्हिडिओ बघत गेली, अडत गेली, शिकत गेली. घरात अजूनही सगळे म्हणत, "रेश्मा गेम खेळते आणि पगार घेते."

"आजी, इथली वाडी कुठं गेली?"

"कंची?"

"ही. डोंगराच्या पायथ्याला हिरवी होती ती. ठाकूरवाडी."

सकुबाईंनी चष्मा वर केला. नकाशा मधाच्या पोळ्यासारखा सहा बाजूंच्या घरांचा होता, एकेक घर म्हणजे जमिनीचा एकेक तुकडा. आपल्या गावाची घरं हळदीसारखी पिवळी, वाडीची हिरवी. आता हिरवं औषधालाही उरलं नव्हतं. ओढ्यापासून डोंगराच्या माथ्यापर्यंत सगळी हळद.

"ती होय? ती आपल्यात आली."

"लढलात?"

"मी गो कशाला लढू? मला त्ये बाण मारायचं जमतच नाय. पायली दिली."

"एकदा?"

"एकदा देऊन काय होतंय? दर साली दिली, नव्या तांदळाची. मग त्यांच्या रानात नाचणी टाकली, तर कोन काय बोललंच नाय. मग आनखी टाकली."

रेश्माने खेळ मागे नेऊन पाहिला. म्हातारीने खरंच एकही शिपाई ठेवला नव्हता.

चूक कुठे झाली ते तिला लगेच कळलं, कारण नियम तिचेच होते आणि सगळे तिने चांगल्या मनाने लिहिले होते. शेजाऱ्याला धान्य दिलं की मैत्री वाढते. मैत्री भरपूर झाली की एकमेकांच्या रानात गुरं चारायला, पेरायला आडकाठी नाही. आणि जो सलग पेरतो, त्याच्या नावावर नकाशातलं ते घर चढतं. एकेक नियम वाचला तर कोणालाही गोड वाटावा. एकापुढे एक लावले की आख्खी वाडी गिळून होते आणि ढेकरसुद्धा येत नाही.

त्यातला पायलीचा नियम तर तिच्या फार जिवाचा होता, कारण तो तिने या घरातून उचलला होता. झोडणी, पाखडणी झाली की नव्या तांदळाची पहिली पायली डोंगराखालच्या ठाकूरवाडीवरच्या बुधूमामाला. ती दिल्याशिवाय घरात नवा भात शिजत नाही. रेश्मा लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच वर्षी ती पायली तिच्या हातात दिली गेली आणि त्या दिवशी तिला हे घर आवडलं. मागच्या साली तिचा नवरा, रवींद्र, म्हणाला होता, "बुधूमामाचा पोरगा आता कंपनीत लागलाय, कसला मान नि कसलं काय?" तर ती दिवसभर त्याच्याशी बोलली नव्हती.

खेळ शिकवणारा पहिला धडाही तिने या घराच्याच गोष्टीवर बेतला होता. मूळ पुरुष बारकू. म्हसा गावच्या जत्रेत घेतलेली बैलजोडी हाकत तो इथवर आला, रिकामा माळ बघितला, दगडाला शेंदूर लावला आणि गाव बसवलं. शेवटी बारकू डोंगराच्या लोकांना पायली देतो आणि पडद्यावर मैत्रीचा दिवा लागतो. विपुलने ते बघून फोनवर शिट्टी वाजवली होती. आज संध्याकाळी धडा पक्का करून पाठवायचा होता.

तिने विपुलला फोन लावला आणि घडलं ते सांगितलं. तो हसत सुटला.

"अगं, बाप रे! तुझी आजी आहे की कोण? काढू नकोस हं ते. पहिल्या धड्यातच शिकवू. गोड बोलून मुलूख घ्यायचा! लढाया काय, सगळेच देतात."

"पण विपुल, वाडीच नाहीशी होते."

"मग? तेच तर जिंकणं. संध्याकाळपर्यंत दे."

फोन ठेवून ती सकुबाईंच्या शेजारी टेकली. म्हातारीचा डाव अजून चालूच होता. आता ती पलीकडच्या गावाला पायली देत होती.

"आजी, तुम्हाला हे सुचलं कसं?"

"सुचायचं काय त्यात?" सकुबाईंनी लसणीची पाकळी सुपात टाकली. "हितं नाय का असंच झालं?"

"कुठं?"

"हितंच गो. ही ओटी, ती खालची खाचरं, पार वढ्यापातूर. बुधूच्या पणज्याचं रान हुतं ना हे. माझी सासू सांगायची. बारक्या आला, पायली दिली, नाचणी टाकली. दुसऱ्या साली परत पायली, परत नाचणी. मग खाचरं बांधली. त्यांनी तांदूळ घेतला ना? मग तोंड कोन उघडंल?"

"पण... रिकामा माळ होता ना? दिवाळीला सांगता तुम्ही. रिकामा माळ बघितला न् दगडाला शेंदूर लावला."

"हुताच की रिकामा," सकुबाई म्हणाल्या. "म्हंजे आपलं मानूस नव्हतं."

आतून दूध उतू गेल्याचा वास आला. एरवी म्हातारीने घर डोक्यावर घेतलं असतं; पण ती खेळात होती, आणि रेश्मा जागची उठली नाही. इतक्या वर्षांच्या पायल्या तिच्या हातांतून गेल्या होत्या. दर वेळी तिने शिगोशीग भरली होती. दर वेळी तिला बरं वाटलं होतं.

आणि बुधूमामा आजच यायचे होते.

ते आले ते ऊन कलायच्या आधी, नेहमीसारखे. डोक्यावर पोराच्या कंपनीची टोपी, खांद्यावर स्वच्छ धुतलेला टॉवेल. अंगणात आले, बसायला सांगितलं तरी बसले नाहीत, दोन्ही हातांवर टॉवेल पसरून ओटीखाली उभे राहिले. द्यायची रीत तीच होती. देणारी ओटीवर, घेणारा अंगणात. बुधूमामा वर का येत नाहीत, हे रेश्माने कधी विचारलं नव्हतं. लाजतात, असं तिने आपलं ठरवून टाकलं होतं.

तिने पायली भरली. ओटीच्या कडेला आली, आणि ओतायचं सोडून बोलून गेली.

"बुधूमामा, हा मान कसला हो? तुमच्याकडं काय सांगतात?"

"मान?" बुधूमामा हसले. "कुनाचा मान?"

"हाच. पायलीचा."

"त्याला तुमी मान म्हनता व्हय?" त्यांनी मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं, चेष्टा करते की काय म्हणून. "आमी भुईचा वाटा म्हनतो, बाय. जमीन आमची, कसता तुमी, म्हनून वाटा. माझा आजा सांगायचा, एक साल जरी न्यायला चुकलास तर रान गेलं समज. पाऊस असो, मयत असो. बापाला ताप हुता तवा माझी आय आली हुती, मला पाठीला बांधून. आमी नेतो तवर ती आमची."

सकुबाईंच्या हातातला लसूण हातातच राहिला.

"काय म्हनलास रं बुधू?"

"का गो, काकी?"

"आमी तुला देतो रं. आमच्या हातानं देतो. तुमी गप राहावं म्हनून..." म्हातारी आपलंच बोलणं ऐकून मधेच थांबली.

आता बुधूमामांचं हसू गेलं. टॉवेल तसाच पसरलेला, पण हात किंचित खाली आले. "खरंच तुमाला ठाव नव्हतं?" ते हळू आवाजात म्हणाले. "मला वाटायचं, ठाव हाय म्हनून देताय. पोराला बी तेच सांगितलं. म्हनलं, मानसं चांगली, कागदावर नाय पन इसरली नाय."

अंगणात कोंबडी पायलीवरून पडलेला एक दाणा टिपून गेली.

"रेश्मा," सकुबाई एकदम म्हणाल्या, "थांब. वतू नको."

"का, आजी?"

"थांब म्हनते ना. रवीला इचारू आदी. घरात ये."

रेश्मा पायली धरून उभी. म्हातारीला काय कळलं ते तिलाही कळलं होतं. पायली ओतली तर बुधूमामांचं म्हणणं खरं करून दिल्यासारखं. न ओतावी तर यांचं रान आज, या अंगणात, आपल्या हातून गेलं. इतक्या पिढ्या एकच पायली दोन घरांत दोन तऱ्हांनी मोजली जात होती, आणि मोजणाऱ्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता. नियम लिहिणारीला तर नव्हताच नव्हता.

बुधूमामांनी टॉवेल आवरला नाही. मागितलंही नाही. ते फक्त उभे राहिले, त्यांची आय उभी राहिली असेल तसे.

रेश्मा ओटीच्या पायऱ्या उतरली. अनवाणी, तशीच अंगणातल्या मातीवर त्यांच्या समोर आली आणि पायली टॉवेलात रिकामी केली. तळाशी चिकटलेले दाणे बोटाने झाडून दिले.

"गो, खाली कशाला उतरलीस?" ओटीवरून म्हातारीचा आवाज फाटला. इतका घाबरलेला आवाज या घरात रेश्माने ऐकला नव्हता. अंगणात साप निघाला तेव्हाही नाही.

बुधूमामांनी टॉवेलाला गाठ मारली. जाताना म्हणाले, "पुढल्या साली पोराला धाडीन. त्यालाबी अशीच दे, बाय." आणि टोपी सारखी करून चालू लागले.

त्या दुपारी रेश्माने दुधाची जळकी कढई घासली आणि मग पहिला धडा उघडला. "रिकामा माळ" पुसला. बारकू आता हिरव्या घरांच्या कडेला बैल घेऊन उभा होता आणि आत जायला त्याला वाट विचारावी लागत होती. पेरणाऱ्याच्या नावावर घर चढायचा नियम तिने काढला. पायली राहू दिली, पण दर साली. चुकली की पिवळ्या गावाला ते रान सोडून उठावं लागे. हे असं कोण खेळेल, ते तिला माहीत नव्हतं. पाठवताना विपुलला तिने एवढंच लिहिलं, "मुलूख घ्यायचा धडा मला लिहिता येत नाही. दुसऱ्या कोणाला द्यायचा तर द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात नवा भात शिजत होता. सकुबाईंनी आपण होऊन टॅब मागितला. बराच वेळ त्यांचं बोट काचेवर टकटक करत राहिलं.

"ही वाडी हालतच नाय गो."

"नाहीच हालणार."

"मग मी काय करू?"

"पायली द्या."

"दिली. आनि?"

"आणि काही नाही, आजी. पुढच्या साली परत द्या."

सकुबाईंनी चष्मा काढला. खालच्या खाचरांकडे, ओढ्याकडे, पलीकडच्या डोंगराकडे त्या बघत राहिल्या, जणू कोणी त्यांना आज पहिल्यांदाच या ओटीवर आणून बसवलं होतं.