बाजूला काढलेली वाक्यं

नणंदेला कामावरून घरी बसवलं, तेही एका मशीनच्या शब्दावर, हे ऐकून वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात ते मशीन वहिनीच्याच ऑफिसने बनवलेलं.

वाक्यातला 'तो', 'ती', 'त्यांनी' म्हणजे नेमकं कोण, हे सॉफ्टवेअरला ओळखायला शिकवायचं, हा त्या ऑफिसचा धंदा. नणंद जिथे नर्स होती, त्या हॉस्पिटलने ते घेतलं होतं. वॉर्डातल्या नोंदी वाचून कोणी काय केलं, ते थोडक्यात वरिष्ठांना कळवायचं, एवढं त्याचं काम. एका नोंदीत होतं, 'डॉक्टरांनी नर्सबाईंना बोलावून घेतलं. त्यांनी औषध बंद केलं.' मशीनने छातीठोकपणे कळवलं, औषध नर्सने बंद केलं. पेशंटची तब्येत बिघडली होती, कोणावर तरी खापर फोडायचंच होतं. ते नणंदेवर फुटलं.

वहिनी ऑफिसात जाऊन चाचणीची वाक्यं उपसत बसली. असल्या वाक्यावर मशीन पास झालंच कसं? तर ते वाक्य त्याला कधी घातलंच नव्हतं. पद्धतच तशी होती. प्रत्येक वाक्य दोन माणसं वेगवेगळी वाचायची, 'त्यांनी' म्हणजे कोण त्यावर खूण करायची आणि दोघांचं जुळलं नाही की वाक्य बाजूला काढायची. उरलेल्या सोप्या वाक्यांवर मशीनला पैकीच्या पैकी, आणि त्या मार्कांची जाहिरात ऑफिसच्या दारावर. वर्षानुवर्षं हा निलाजरा कारभार चालला होता आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

ती साहेबांकडे गेली. साहेब शांतपणे म्हणाले, "माणसांनाच जे कळत नाही, ते मशीनला कशाला विचारायचं?"

"परीक्षेत नाही विचारायचं. मग वॉर्डात का विचारता?"

मशीनला 'माहीत नाही' म्हणायला शिकवा, असं तिने सुचवलं. असं मशीन घेणार कोण, म्हणत साहेबांनी विषय झटकून टाकला.

त्याच आठवड्यात हॉस्पिटलचे एक बडे अधिकारी नव्या कराराच्या बैठकीला आले. वहिनीने ती नोंद पडद्यावर लावली, हॉस्पिटलचं नाव झाकलं आणि औषध कोणी बंद केलं ते बैठकीतल्या प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहायला सांगितलं. निम्म्यांनी नर्स लिहिलं, निम्म्यांनी डॉक्टर. अधिकाऱ्यांच्या चिठ्ठीवर डॉक्टर होतं.

"याच नोंदीवरून तुम्ही नर्सला घरी बसवलंत," ती म्हणाली. "आदेशावर सही करताना वाचली नव्हती?"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "वाचावी लागू नये म्हणूनच तर तुमचं मशीन घेतलं," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत आदेश मागे घेतला गेला आणि 'माहीत नाही' हे उत्तर घालायचंही ठरलं. वहिनी तशीच नणंदेकडे गेली. त्या अधिकाऱ्याची कशी जिरवली, हे तिने उंबऱ्यातूनच तिखटमीठ लावून सांगायला सुरुवात केली. नणंद कामाच्या कपड्यांना इस्त्री करत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, पण हसली नाही.

"औषध डॉक्टरांनीच बंद केलं," ती म्हणाली. "मी शेजारीच उभी होते. मला कोणी विचारलंच नाही, वहिनी. तूसुद्धा नाही."