चार इंच सोडून

माझ्यावरचा पहिला आकडा पाच आहे. त्याच्या डावीकडे चौथ्या इंचाची काळी रेघ आहे, आणि रेघेला लागूनच कापडाचे सुटलेले धागे. धाग्यांतून तांब्याच्या दोन बारीक तारा बाहेर आल्या आहेत; एक सरळ, एक वाकलेली. एक ते चार हे आकडे माझ्याजवळ नाहीत.

मित्रांनो, मी एक जुनी कापडी मोजपट्टी आहे. पन्नास फुटांची, चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली. नागपुरात मला सगळे टेपच म्हणतात. ओढल्यावर मी लांबू नये म्हणून विणतानाच माझ्यात तांब्याच्या तारा घातल्या. मग रंगाचा हात दिला, इंचांचे आकडे काळ्या शाईने आणि फुटांचे लाल शाईने छापले. माझ्या टोकाला तेव्हा पितळेचं कडंही होतं.

धोंडबा मिस्त्रींनी मला विकत घेतलं ते स्वतःसाठी नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बळीरामने १९५८ साली पहिली चौकट कोणाच्या मदतीशिवाय बसवली, त्या दिवशी त्यांनी मला त्याच्या हातात ठेवलं. "हात चुकते, डोळा चुकते," ते म्हणाले, "ह्याले विचारत जा."

बळीराम मला विचारत राहिला. इंदोरा वस्तीतल्या कितीतरी घरांची दारं, शाळेची बाकं, दवाखान्याच्या खिडक्या मी मोजल्या. घराजवळचं काम असलं की त्याची बायको कौसल्याबाई सोबत यायच्या. त्या चौथी शिकलेल्या होत्या आणि त्यांचं अक्षर गोल होतं. बळीराम वरून आकडा ओरडायचा, त्या खाली फळीवर कोळशाने लिहायच्या. काम झालं की बळीराम मला ओल्या फडक्याने पुसायचा, कोरड्या फडक्याने पुन्हा पुसायचा आणि मगच गुंडाळायचा. लोक म्हणायचे, बळीरामचं दार असं बसते का मधातून कागद नाही जात. ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

१९७१ साली लाकूडगंजातल्या एका आरा मशीनवर माझं टोक फिरत्या पट्ट्यात सापडलं. बळीरामने हात वेळेवर मागे घेतला. मी मात्र नेमकी चार इंचांच्या रेघेवर तुटले.

"फेकून दे गा ते," धोंडबा म्हणाले. "आता खोटं बोलते ते."

"खोटं नाई बोलत," बळीराम म्हणाला. "चार जास्त बोलते फक्त."

तेव्हापासून त्या घरात एक रीत पडली. बळीराम माझ्यावर दिसेल तोच आकडा सांगायचा आणि कौसल्याबाई त्यातून चार वजा करून लिहायच्या. "चार सोडले काय वं?" तो वरून विचारायचा. "पाच सोडले," त्या खालून म्हणायच्या, "एक तुमच्यासाठी." तीन वर्षं अशी गेली. एकही चौकट चुकली नाही.

आता त्यांच्या घराचं सांगायला हवं. पंधरा फूट लांबीची ती एकच मोठी खोली बळीरामने स्वतः बांधली होती, आणि वर टिनाचं छप्पर घातलं होतं. उन्हाळ्यात ते छप्पर किती तापायचं हे विदर्भातल्या मुलांना सांगायला नको. घर नवं असताना कौसल्याबाईंचे भाऊ रुपराव सावनेरहून पाहायला आले. त्यांचं स्वतःचं घर मातीचं, वर मातीचंच सपाट धाबं, आणि भिंत दोन फूट तीन इंच जाड. मी मोजली होती, म्हणून मला माहीत. रुपराव घाम पुसत म्हणाले, "जावईबापू, बहीण तुम्हाले नांदाले दिली का डब्यात भरून ठेवाले?"

सगळे हसले. बळीराम हसला नाही. "हिच्यावर तुमच्या घरी उन्हाळा काढायची पाळी येऊ देणार नाई मी," तो म्हणाला.

१९७४ च्या मार्चमध्ये कौसल्याबाईंना पायऱ्या चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदय दुबळं झालं आहे. खोलीतला पारा अडतीसच्या वर जाता कामा नये. वाळ्याच्या ओल्या ताट्याही नकोत, ओलीने छाती भरेल. घर थंड ठेवणं जमत नसेल तर पेशंटला थंड घरी हलवा.

थंड घर कोणतं, हे तिघांनाही माहीत होतं. तिसरी म्हणजे प्रेमिला, त्यांची मुलगी. ती कॉलेजात विज्ञान शिकत होती.

"मग सावनेरले?" तिने विचारलं.

"पाहू," बळीराम म्हणाला.

प्रेमिलाने सरांना विचारून प्रयोगशाळेतला एक तापमापक घरी आणला आणि खिळ्याला टांगला. पहिल्याच दुपारी दोन वाजता पारा एक्केचाळीसवर होता. आणि तो मार्च महिना होता.

उपायही तिनेच सांगितला. टिनाच्या खाली बांबूच्या तट्ट्या ठोकायच्या आणि टिन व तट्ट्यांच्या मधे धानाचा कोंडा भरायचा, सहा इंच जाड. कोंड्यात हवा अडकून राहते, आणि अडकलेली हवा उष्णता सहज खाली येऊ देत नाही. बळीरामच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड दिसला. हे काम त्याच्या हातातलं होतं.

"पण कोंडा किती लागेल ते आधी काढलं पाहिजे," प्रेमिला म्हणाली. "लांबी, रुंदी आणि जाडी. छप्पर उतरतं आहे, म्हणून जमीन मोजून चालणार नाही. छपराखालूनच मोजा, बाबा."

बळीराम शिडीवर चढला. दोन वाशांमधल्या जागेला तो खण म्हणायचा. असे दहा खण होते. त्याने मला पहिल्या वाशापासून दुसऱ्या वाशापर्यंत धरलं. माझ्यावर बावीस दिसत होते. मी तयार होते. नेहमीसारखा तो बावीस म्हणेल, असं मला वाटलं.

"अठरा!" तो म्हणाला.

पोरगी पहिल्यांदाच लिहायला बसली आहे, तिला कशाला वजाबाकीचा ताप, म्हणून चार त्याने मनातच सोडले होते.

खाली प्रेमिलाने वहीत लिहिलं : चौदा. लहानपणापासून तिने आईला चार सोडताना पाहिलं होतं. शिवाय त्याच महिन्यात प्रयोगशाळेत ती शिकली होती की साधनाचं शून्य सरकलेलं असेल तर लिहिणाऱ्याने ती चूक न विसरता वजा करायची. ती विसरली नाही.

दहा खण झाले. मग खणाची लांबी. माझ्यावर अकरा फूट चार इंच होते. बळीरामने अकरा सांगितले, प्रेमिलाने दहा फूट आठ इंच लिहिले. कौसल्याबाई खाटेवर पडून ऐकत होत्या. मित्रांनो, मी ओरडू शकत असते तर त्या दिवशी ओरडले असते. मोजपट्टीला आकडे असतात, आवाज नसतो.

प्रेमिलाने गुणाकार दोनदा तपासला. "सोळा पोती."

"सोळाच?" बळीराम शिडीवर थांबला. "मले त वीसेक वाटून राहिले होते."

"हिशोब आहे, बाबा."

"बरं मग सोळा," तो म्हणाला. मुलगी शिकली याचा त्याला इतका अभिमान होता की आपल्या सोळा वर्षांच्या डोळ्याला त्याने गप्प बसवलं.

भंडाऱ्याकडच्या भातगिरणीतून ओमप्रकाश नावाचा ट्रकवाला कोंडा घेऊन आला. बळीरामने एका बाजूने तट्ट्या ठोकत खण भरायला सुरुवात केली. दोन रविवार लागले. दुसऱ्या रविवारी दुपारी, आठवा खण भरत आला असताना सोळावं पोतं रिकामं झालं. वर सव्वादोन खण टिन तसंच उघडं होतं.

प्रेमिलाने वही उघडली. मग जमिनीवर पावलं टाकत खोली मोजली, पुन्हा वही पाहिली. खोली पंधरा फुटांची होती आणि वहीतले दहा खण मिळून बारा फूटही होत नव्हते. तिचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा, तुम्ही आकडा चार सोडून सांगत होते काय?"

"मग? तुले काहून त्रास द्यायचा?"

"मीबी सोडले."

बळीराम शिडीवरच बसला. कोंडा त्याच्या केसांत, भुवयांवर होता. खाटेवरून कौसल्याबाई बोलल्या. "म्या ऐकलं होतं अठरा. मले वाटलं, पोरीले सांगून ठेवलं असन." मग हसायचा प्रयत्न करत म्हणाल्या, "दोघंही इतके हुशार, का माया डोक्यावर टिन तसंच राहिलं!" हसताना त्यांना धाप लागली आणि प्रेमिला पाणी आणायला धावली.

आणखी पाच पोती हवी होती. बळीराम दुसऱ्या दिवशी ओमप्रकाशकडे गेला.

"आता कुठं भेटते, भाऊ?" ओमप्रकाश म्हणाला. "सारा कोंडा वीटभट्टीवाल्यायनं उचलला. आता दिवाळीनंतर, नवा धान आला का."

उघडा खण म्हणजे भांड्याला पडलेलं भोक. खाट दुसऱ्या टोकाला सरकवली तरी तिथून उतरलेली उष्णता खोलीभर पसरायची. म्हणून बापलेकींनी भरलेले खण पुन्हा खोलले आणि तोच कोंडा दहा खणांत पसरला. सहा इंचांचा थर साडेचारवर आला. घरातल्या जुन्या वाकळाही वर गेल्या. त्या वर्षी मे महिन्यात शेजारच्या टिनाच्या घरात पारा पंचेचाळीस असताना या घरात तो चाळीसवर थांबायचा. शेजारणी येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "किती गार केलं वं घर!" पण डॉक्टरांनी अडतीस सांगितले होते.

पाच पोती आणखी असती तर पारा अडतीसवर आला असता का? मित्रांनो, मला माहीत नाही. प्रेमिलालाही माहीत नाही. तिने वहीत अनेकदा हिशोब मांडून पाहिला आणि प्रत्येक वेळी अर्ध्यावर सोडून दिला, कारण भिंतींतून, दारातून किती ऊन येतं हे तिने मोजलेलंच नव्हतं. जे मोजलं नाही त्याचं उत्तर खरेपणाने देता येत नाही.

माझं पुढचं आयुष्य थोडक्यात सांगते. कौसल्याबाई त्या घरात पुन्हा आल्या नाहीत. जून सरता सरता सावनेरला त्यांचं हृदय थांबलं. बळीरामने पोलादी पट्टीची नवी टेप घेतली आणि मला पेटीत तळाशी टाकलं. त्या दिवशी त्याने मला पुसलं नाही. दिवाळीनंतर कोंडा आला तेव्हाही मला कोणी बाहेर काढलं नाही. चामड्याच्या डबीला बुरशी आली, तीसपासून पस्तीस फुटांपर्यंतचे आकडे पुसट झाले. प्रेमिला आता शाळेत विज्ञान शिकवते. दर वर्षी मोजमापाचा धडा आला की ती मला वर्गात नेते, टेबलावर उलगडते आणि मुलांना माझं तुटलेलं टोक दाखवते. कारण सांगत नाही.

म्हणून कारण मीच सांगते आहे. मोजण्याच्या साधनाची निगा राखा. वापरून झालं की पुसून ठेवा. त्याच्यात खोट असेल तर ती मनात ठेवू नका. काम सुरू करण्याआधी सोबतच्या माणसाला मोठ्याने सांगा. आपण सांभाळून घेऊ, असं दोघांनीही गुपचूप ठरवलं की काय होतं ते मी पाहिलं आहे. माझं एवढंच मागणं आहे.

आता फक्त एक दुपार सांगायची राहिली. मुद्दाम शेवटी ठेवली, कारण त्यानंतर मला काही सांगावंसं वाटत नाही.

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. बळीराम कामाला गेला नव्हता. मी खुंटीला टांगलेली होते. कौसल्याबाईंचे ओठ किंचित निळसर दिसत होते आणि दोन वाक्यांच्या मधे त्या थांबत होत्या. प्रेमिला त्यांना वारा घालत होती. दर पंधरा मिनिटांनी बळीराम उठून तापमापकापाशी जायचा आणि डोळे बारीक करून पाहायचा, जणू नीट पाहिलं तर पारा थोडा खाली असेल.

"किती हाय?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"एकोणचाळीस," तो म्हणाला.

प्रेमिलाने मान वर केली. पारा चाळीसच्या रेघेवर होता. ती वारा घालत राहिली.

"बसा न आता खाली," कौसल्याबाई म्हणाल्या. "तिथं उभं राहून काय थंड होते?" थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मले काही त्रास नाई. तुमी एवढं केलं. एवढं कोण करते? मी इथंच राहीन."

त्या हे दोन महिने म्हणत होत्या. आणि दोन महिने त्यांचं हे बोलणं बळीरामला सोयीचं वाटत आलं होतं. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "पाहू."

या वेळी तो तसं म्हणाला नाही. तापमापकाकडे पाठ करून तो खाटेजवळ आला आणि जमिनीवर बसला. छताकडे पाहिलं. एकेक तट्टी त्याने सरळ रेषेत ठोकली होती, एकही खिळा वाकडा नव्हता. त्याने कौसल्याबाईंचा हात हातात घेतला. नखं बघितली. ती निळी होती.

"चाळीस हाय, कौसल्या," तो म्हणाला. "मी खोटं सांगितलं."

प्रेमिलाच्या हातातला पंखा थांबला.

"पोरी, मायचे लुगडे बांधून ठेव. उद्या सकाळच्या पहिल्या एस.टी.नं हिले सावनेरले नेतो." मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा तो म्हणाला, "रुपरावले मीच सांगीन. म्हणीन, मायं घर थंड झालं नाई गा. तुयी बहीण तुया घरात ठेव."