डावा गाल

बाबांनी काढलेल्या आईच्या कृष्णधवल फोटोला लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. उजवा गाल उजेडात, डावा काळ्याकुट्ट सावलीत. त्याला बक्षीसही मिळालं. सावलीचा जादूगार म्हणे!

आई गेली, आणि इकडे जुन्या निगेटिव्ह खराब व्हायला लागल्या. म्हणून मी बाबांना घेऊन फिल्म स्कॅनर बघायला दुकानात गेले. पारखून घ्यायला आईच्या त्याच फोटोची निगेटिव्ह सोबत नेली.

स्वस्तातल्या स्कॅनरने सावली काळीच दाखवली. "झकास!" बाबा म्हणाले.

"हा महागातला सावलीतलंही सगळं टिपतो," असं म्हणत दुकानदाराने तीच निगेटिव्ह दुसऱ्या स्कॅनरमध्ये सरकवली. पडद्यावर आईचा डावा गाल हळूहळू उजळत गेला. त्यावर चार बोटं उमटलेली होती.

दुकानदाराने मान खाली घातली.

बाबा मात्र जराही चपापले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा नीट निरखून पाहिलं आणि लहानपणी मला कॅमेरा शिकवायचे त्याच आवाजात म्हणाले, "म्हणून तर दिवा उजवीकडे ठेवला होता. आपल्याला पहिलाच बरा."