दीड इंच

कोण काय वाचतं यापेक्षा कोण पुस्तक कसं परत करतं, यावरून मी माणूस ओळखते. वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर बावीस वर्षं काढली आहेत. पान दुमडणारा माणूस घरातही शब्द मोडत असणार, आणि दोन दिवसांत पुस्तक आणून देणारा ते बहुतेक वाचतच नाही, हा माझा हिशेब. सहसा चुकत नाही.

दर शनिवारी दुपारी तीनला वाचनकक्षात आमचा पाच-सहा जणांचा गट जमतो. गेलं वर्षभर आम्ही एकाच जातीची पुस्तकं वाचली: लोकांनी स्वतःची आयुष्यं चित्रांच्या चौकोनांतून सांगितलेली. सुरुवातीला सगळ्यांनी नाकं मुरडली. "पोराटोरांची पुस्तकं वाचायचं वय आहे का हे?" असं निवृत्त बस कंडक्टरांनी तावातावाने विचारलं. पुढच्याच आठवड्यात, आजारी बापाला आंघोळ घालणाऱ्या मुलीचं पान आलं तेव्हा तेच सगळ्यात जास्त वेळ चष्मा पुसत बसले. मग नियम पडला. पुस्तक संपलं की प्रत्येकाने कागदावर चार चौकोन आखायचे आणि स्वतःच्या आयुष्यातलं काहीतरी काढायचं. चित्र येत नाही ही सबब चालणार नाही. कंडक्टरांची माणसं काडेपेट्यांसारखी दिसतात, पण भावाची वाट बघत थांब्यावर उभी असलेली काडेपेटी आम्हा सगळ्यांना ओळखू आली.

सबब सांगणारा एकच माणूस उरला. फूटपट्टी. तोंडावर आम्ही त्यांना काका म्हणायचो. चौऱ्याहत्तर वर्षांचे, जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेले. पुस्तक परत देताना कपाटातल्या जागी स्वतः ठेवणार आणि बाजूच्या चार पुस्तकांच्या कडाही सरळ करून जाणार. त्यांना आधाराशिवाय चालता येत नसे, म्हणून लेक घेऊन यायची. चव्वेचाळीस वर्षांची, बेकरीत पाकिटं भरण्याच्या विभागात मुकादम, एकटी. आली की पहिलं काम, वाचनकक्षाच्या दारात खुर्ची अडकवणं. दार बंद झालेलं तिला चालत नसे.

"ताई, धूळ येते हो," मी म्हणायची.

"येऊ द्या, मी झाडून देते," ती म्हणायची. आणि खरंच झाडून द्यायची.

तिच्या दाराचं कोडं आम्हाला चार महिन्यांपूर्वी उलगडलं. तिने चार चौकोन काढले. पहिल्यात पलंगावर खोकणारी आई. दुसऱ्यात शाळेतून आलेली तेरा वर्षांची मुलगी, कानांवर हात. तिसरा चौकोन पूर्ण काळा, त्यात फक्त दाराची मूठ. चौथा कोरा.

"खोकल्याचा त्रास व्हायचा म्हणून मी जाताना दार ओढलं आणि वरच्या मजल्यावर मैत्रिणीकडे पळाले," ती म्हणाली. "बाबा बाहेरच्या खोलीत काम करत होते. आईने हाका मारल्या असतील. दार लागलेलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मी खाली आले तेव्हा आई गेलेली होती." पाकिटं मोजावीत तशा आवाजात तिने हे सांगितलं. काका पेन्सिलीचं टोक बघत होते. टोक चांगलं होतं.

त्यानंतरच्या पुस्तकात एका बाईने आपलं लहानपणीचं घर वरून काढलं होतं, छप्पर उचलून बघावं तसं, आणि माणसांच्या जागी नुसते ठिपके. काकांनी ते पुस्तक तीनदा नूतनीकरण करून सहा आठवडे घरी ठेवलं. परत देताना तक्रार केली.

"हा जिना बघा. स्वयंपाकघरातून निघतो आणि भिंतीत घुसतो. बाई खोटं सांगते आहे."

"अहो काका, आठवण आहे ती," कंडक्टर म्हणाले. "बांधकामाचा परवाना थोडाच काढायचाय?"

"माप चुकलं की माणूस खोटं बोलतो. एवढंच मला कळतं." मग थोडं थांबून हळूच मला विचारलं, "पण असं वरून काढलेलं चालतं का? माणसं न काढता?"

"चालतं की," मी म्हटलं. मला वाटलं, चला, वर्षाअखेर हेही दुकान उघडलं.

वर्षाचे सगळे कागद एका शनिवारी फलकावर लावायचं ठरलं होतं. आदल्या बुधवारी काका काठी टेकत, रिक्षाने एकटेच आले. लेक कामावर होती. हातात पाच कागदांची गुंडाळी. "झेरॉक्स काढून ठेवा. मूळ कागद मला परत हवेत."

पाचही कागदांवर तेच घर. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर. प्रत्येक कागदावर कोपऱ्यात वेळ: एक वाजून दहा, एक पंचवीस, असं पावणेतीनपर्यंत. बाहेरच्या खोलीत टेबलाशी एक वर्तुळ, आतल्या खोलीत पलंगावर एक. एक छोटं वर्तुळ पहिल्या कागदावर दाराशी होतं, नंतर घरात नव्हतंच. दुसऱ्या कागदावर पलंगाजवळ बारीक पाच रेघा होत्या, एकाखाली एक.

"या काय?"

"हाका."

मी मोजल्या. मग सवयीने बाकीचे आकडेही वाचू लागले, कारण त्यांनी प्रत्येक भिंतीचं माप लिहिलं होतं. खिडकीच्या कोपऱ्यापासून दाराच्या चौकटीपर्यंत भिंत, सहा फूट दीड इंच. त्या भिंतीला लागून पलंग, सहा फूट तीन इंच. नकाशात दार उघडतं तशी पाव चंद्रकोर काढतात. ती चंद्रकोर चौकटीपर्यंत पोचत नव्हती. पलंगाच्या पायाशी अडून थांबली होती.

"काका, हे दार लागतच नाही."

"नाही लागत."

"पण ताई तर..."

"तिने ओढलं आणि पळाली. मागे बघितलं नाही. पलंग मी त्याच दिवशी सकाळी खिडकीशी सरकवला होता, तिच्या आईला हवा मिळावी म्हणून. ताई शाळेत होती." त्यांनी गुंडाळीचा रबर बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. "वीतभर उघडं राहत होतं. संध्याकाळी लोक जमले, पलंग हलवावा लागला. मग लागायला लागलं."

"म्हणजे तुम्हाला ऐकू आलं."

"दिवसाला वीस हाका असायच्या हो. पाणी, उशी, खिडकी. मी ट्रेसिंग पेपरवर शाईची लांब रेघ ओढत होतो. रेघ मध्येच थांबवली की गाठ येते, सगळा कागद फुकट. म्हटलं, एवढी रेघ होऊ दे. मग दुसरी घेतली. मग ती गप्प झाली." रबर तुटला. "बरं वाटलं मला. खरं सांगतो. गप्प झाली म्हणून बरं वाटलं."

लोकांनी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं: दार लागलेलं होतं, ऐकू आलं नाही. तेरा वर्षांची पोर तिथेच बसलेली होती.

"तूच केलंस असं मी तिला एकदाही म्हटलेलं नाही," ते म्हणाले.

"नाही केलंस, असं म्हटलंत?"

त्यांनी खिशातून पांढऱ्या कागदाची एक पट्टी काढली. नीट कापलेली, नखाएवढी. "पलंगाच्या या टोकावर ही ठेवून झेरॉक्स काढा. दीड इंचाचा तर प्रश्न आहे. तीनदा नवा कागद घेतला, पलंग आखूड काढायला बसलो. हात वळत नाही."

मला मोह झाला, हे लपवत नाही. एकतीस वर्षं जे घर उभं आहे, ते दीड इंचासाठी कशाला पाडायचं, असं कोणालाही वाटेल. पण मला ती दारातली खुर्ची आठवली, आणि झाडलेली धूळ.

"मी पुस्तकं देते-घेते," मी म्हटलं. "पानं कापत नाही. लावायचं तर असंच लावेन. नाहीतर घेऊन जा घरी."

ते गेले तेव्हा गुंडाळी टेबलावरच होती. विसरले की ठेवली, हे मी विचारलं नाही.

शनिवारी मी पाचही कागद फलकावर लावले. ताई आली, दारात खुर्ची अडकवली, काकांना खिडकीजवळ बसवलं आणि फलकाकडे वळली.

"बाबा! तुम्ही काढलंत?" तिचा चेहरा असा उजळला की मी रजिस्टर उघडून त्यात तोंड घातलं. "काय रेघा आहेत! लहानपणी यांच्या नकाशातली अक्षरं मी भरायचे, माहितेय? पाव चंद्र म्हणजे दार, हे मला बाराखडीच्या आधी यायचं."

आणि तिने बोट पाव चंद्रावर ठेवलं. बोट फिरत गेलं आणि थांबलं. ती परत सुरुवातीपासून गेली. परत तिथेच थांबलं.

"पलंग खिडकीशी होता?"

"सकाळी सरकवला होता," काका म्हणाले. "तू शाळेत होतीस."

तिने मापं वाचली. ओठ हलत होते. बेरीज-वजाबाकी करणाऱ्या माणसाचे हलतात तसे. मग दुसऱ्या कागदावरच्या पाच रेघांवर बोट ठेवलं. त्या काय आहेत हे तिने विचारलं नाही.

"तुम्ही टेबलाशीच होतात?"

"रेघ अर्धी होती, बाळ."

कंडक्टर काहीतरी बोलायला उठले. मी त्यांचा शर्ट धरून खाली बसवलं.

ती दारापाशी गेली. खुर्ची काढली, भिंतीला लावून ठेवली, बाहेर पडली आणि दार ओढून घेतलं. कडीचा आवाज झाला. बावीस वर्षांत त्या दाराला कडी आहे हे मी विसरले होते.

दाराच्या वरच्या अर्ध्या भागात काच आहे. बाहेरच्या बाकावर ती आमच्याकडे पाठ करून बसलेली दिसत होती. आमचं दार पातळ फळीचं, इकडचं कुजबुजलेलंही तिकडे जातं.

"अगं," काकांनी हाक मारली. मग जरा मोठ्याने, "बाळ." ते काठी चाचपडत होते. मी उठले नाही. कंडक्टरही उठले नाहीत. तिसरी हाक घोगरी होती. चौथीला आवाज फुटला. पाचवीला नुसता श्वास.

त्यानंतर त्यांनी हाक मारली नाही. बराच वेळ नाही. तेव्हा ती उठली, कडी काढून आत आली, काठी उचलून त्यांच्या हातात दिली आणि कोपराला धरून त्यांना उभं केलं.

"ऐकू आलं नाही का गं?" त्यांनी विचारलं.

"पहिलीच ऐकू आली," ती म्हणाली. "चला. पायरी आहे."