आरोहीचे जोडे

शाळेच्या गॅदरिंगमध्ये माझ्या भाचीला, आरोहीला, दीडशे वर्षांपूर्वीच्या शाळकरी मुलीचं काम मिळालं आणि आमच्या घरात दिवाळीच झाली. काम एवढंच, शाळेच्या दारात जोडे काढायचे, आत जाऊन पाटीवर ‘श्री’ काढायचा, बाहेर येऊन जोडे घालायचे आणि पळायचं. पण त्या जोड्यांपाशीच घोडं अडलं.

आरोही सात वर्षांची झाली तरी चपला उलट्याच घालते. तालमीत पोरं खदखदून हसली. घरी येऊन तिने दप्तर फेकलं. “मी नाही करत नाटक. सगळे हसतात.”

मला तिच्याहून जास्त राग आला. हसणाऱ्या पोरांचा आला, आणि “होईल गं सवय” म्हणत मोबाइल बघत बसलेल्या माझ्या भावाचा, नीलेशचाही. टीचरने जुन्या काळच्या लहान मुलांच्या जोड्यांचा फोटो पाठवला होता. तो घेऊन मी तडक केबिन रोडच्या बाजारात गेले आणि तशीच चामड्याची मोजडी आणली.

नीलेशने ती हातात घेऊन उलटसुलट केली. “ताई, गंडवलं तुला! दोन्ही एकाच पायाच्या दिल्यात.”

माझं डोकंच सटकलं. दुकानदाराला फोन लावला. “भैया, ये क्या दिया? दोनों एकही पैर का है!”

“मॅडम, मोजडी में लेफ्ट-राइट होताही नहीं. पहले से ऐसेही बनता है.”

टीचरचा फोटो मोठा करून पाहिला. खरंच की! ते चिमुकले जोडेही अगदी एकसारखेच होते.

आरोही सगळं ऐकत होती. तिने जोडे घातले. मग अदलाबदल करून घातले. “आत्या, म्हणजे कसेही घातले तरी बरोबर?”

“कसेही!”

मग काय, बाईसाहेब जेवायलाही ते काढेनात.

गॅदरिंगला तिने ‘श्री’ काढला, बाहेर आली, जोड्यांपाशी बसली. मी नीलेशचा हात गच्च धरला. तिने जोडे घातले. आता पळायचं, तर ही बया उठेचना! तिने जोडे काढले, अदलाबदल करून पुन्हा घातले आणि दोन्ही पाय वर करून समोरच्या पोरांना दाखवले. टीचर पडद्याआडून “पळ, पळ!” करतायत आणि सगळा हॉल हसतोय. या वेळी आरोहीच सगळ्यांत जास्त हसत होती. माझे डोळे भरून आले.

घरी निघताना तिने आपले रोजचे बूट घातले, अर्थात उलटेच. तिनेच खाली पाहिलं आणि मान हलवली.

“आत्या, हे बूट बनवणाऱ्याने चुकवलेत.”